आपलेच दात, आपलेच ओठ

परक्या माणसाने अपमान केला तर चार दिवस डोकं तापतं आणि मग आपण आपल्या कामाला लागतो. सख्ख्या भावाने केलेला अपमान तसा सरत नाही. रोज त्याच्याच ओटीवरून जायचं असतं, त्याची पोरं आपल्या मांडीवर वाढलेली असतात आणि आई अजून दोघांच्या मध्ये बसलेली असते. ५५व्या स्तोत्रात दाविदाची तक्रार नेमकी हीच आहे. वैऱ्याने छळलं असतं तर सोसलं असतं, निदान लपून तरी बसता आलं असतं. पण छळणारा निघाला देवाच्या घरी बरोबर चालत जाणारा जिवलग. ही तक्रार पवित्र शास्त्राने गाळली नाही, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. तेव्हा दुखलं असेल तर देवापुढे ते दुखलं म्हणूनच मांडा. दुसऱ्याच दिवशी मंडळीत उभं राहून ‘मी सगळ्यांना क्षमा केली’ अशी साक्ष द्यायची घाई नको. घाईची क्षमा बहुतेक वेळा आतून डूख धरलेली असते, आणि पुढच्या लग्नात किंवा बारशाला ती कुठूनतरी बाहेर पडते.

दिवा–वसई रोड रेल्वेमार्गावर भिवंडी रोड आणि कामण रोड या दोन स्थानकांच्या मध्ये खारबाव लागतं. गाडी तशीच पुढे गेली की वसई. पोर्तुगीज १५३४ साली तिथे आले, तेव्हापासूनची ख्रिस्ती गावं तिथे आहेत. सणाला अख्खी आळी एका देवळात जमते. भिवंडीच्या बाजूच्या एखाद्या गावात एकच घर विश्वासात आलेलं असेल, तर त्या घराचं जगणं वेगळं. त्यांचा पाळक स्टेशनपलीकडे, नातेवाईक मात्र भिंतीपलीकडे. या लेखातला सल्ला मुख्यतः अशा घरांसाठी आहे.

इथे दुखावण्याची कारणंही फार उदात्त नसतात. भिवंडीभोवतीची भातखाचरं जाऊन गोदामं उभी राहिली. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई–वडोदरा महामार्ग, बुलेट ट्रेन यांनी तालुक्यातल्या जमिनी घेतल्या. जिथे पूर्वी हातभर बांधावरून भांडण व्हायचं तिथे आता मोबदल्याच्या रकमेवरून होतं. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हक्कसोडपत्रावर बहिणीने सही कधी केली, काकांनी व्यवहार कोणाला न विचारता केला, या प्रश्नांवरून वर्षानुवर्षांचे अबोले धरले जातात. त्यात एक भाऊ ख्रिस्ती झालेला असला तर त्याला हमखास ऐकवलं जातं: तू आमच्यातून गेलास, तुला आता वाटा कसला?

येशूसमोर हा प्रश्न आला होता. लूककृत शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात गर्दीतला एकजण त्याला म्हणतो की माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. येशू पंच व्हायला नकार देतो आणि तिथल्या सगळ्यांनाच लोभापासून सावध राहायला सांगतो. वाटा मागणं पाप आहे असं तो म्हणाला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पंचाचं काम त्याने पंचावर सोडलं आणि लोभाचं काम प्रत्येकाच्या मनावर. आपणही ही दोन कामं वेगळी ठेवावीत. ‘तुम्ही ख्रिस्ती लोक क्षमा करता ना, मग कर सही’ हे वाक्य ऐकलं की पुष्कळ विश्वासी गोंधळतात आणि अंगठा उठवून मोकळे होतात. भावाला मनातून क्षमा करून त्याच दिवशी वकिलाकडे जाण्यात विसंगती काहीच नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम २६ धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांबद्दल बोलतं. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क ते काढून घेत नाही. आदिवासी कुटुंबांना हा कायदा सरसकट लागू होत नाही, म्हणून कागद घेऊन जाणत्या माणसाला विचारा आणि मगच सही करायची की नाही ते ठरवा. हक्क समजून घेऊन, राजीखुशीने एखादा सोडत असेल तर ते त्याचं मोठेपण. धाकाने किंवा अज्ञानाने सोडलेल्या हक्काला क्षमेचं नाव देऊ नये.

आता मूळ मुद्दा. मत्तयच्या १८व्या अध्यायात, १५व्या वचनापासून, येशूने एक साधी रीत घालून दिली आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा आणि त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपण नेमकं उलटं करतो. जावेने टोमणा मारला की तो आधी बहिणीला फोनवर, मग माहेरी आईला, मग शेजारणीला, आणि रविवारी उपासनेनंतर चार जणींना सांगितला जातो. गाव सगळं ऐकतं, फक्त ती जाऊ ऐकत नाही. माझ्या मते ख्रिस्ती माणसाने या बाबतीत सर्वांत जास्त जपावं ते ‘प्रार्थनेची विनंती’ या गोड नावाखाली होणाऱ्या चुगलीपासून. ‘आमच्या वहिनीसाठी प्रार्थना करा, तिचं मन फार कठीण झालंय’ एवढं म्हटलं की वहिनीची अब्रू गेली आणि म्हणणाऱ्याचं पुण्य वाढलं. प्रार्थना हवी असेल तर नाव आणि किस्सा न सांगता मागता येते. देवाला पत्ता ठाऊक असतो.

एकट्याने जायचं म्हणजे कसं? वेळ बघा. लग्नघर, हळद, गणपतीतली गर्दी, जेवणाची पंगत, समोरच्याने घेतलेली असेल ती रात्र, या वेळा टाळा. घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप तर पूर्ण टाळा. तिथे लिहिलेलं वाक्य दहा जण दहा स्वरांत वाचतात. एका वेळी एकच प्रसंग बोला. ‘तू नेहमीच असं करतोस’ म्हणालात की समोरचा वीस वर्षांचा हिशोब काढणार हे ठरलेलं. त्यापेक्षा असं काहीतरी म्हणा: “दादा, रविवारी सगळ्यांसमोर तू माझ्या पोरीला बाटगी म्हणालास. ती रात्री जेवली नाही. मला तुझ्याशी भांडायचं नाही, पण हे मनात ठेवून मी तुझ्याशी हसून बोलू शकत नाही, म्हणून आलो.” एवढं बोलून थांबा. पुढचं त्याला बोलू द्या. तो लगेच माफी मागेल ही अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे पुरुष माफी मागत नाहीत, ते दुसऱ्या दिवशी मासळी पाठवतात. ती मासळी ओळखायला शिकावं आणि ‘आधी तोंडाने सॉरी म्हण’ असा हट्ट धरू नये.

दुसऱ्या पायरीवर एक चूक वारंवार होते. समोरचा भाऊ विश्वासात नसतो आणि आपण मध्यस्थ म्हणून पाळकाला घेऊन जातो. त्या भावाच्या नजरेत पाळक म्हणजे घर फोडणारा माणूस. झालं, बोलणी बसायच्या आधीच मोडली. मध्यस्थ दोघांच्याही भरवशाचा हवा: मामा, आत्याचे यजमान, गावातला एखादा शांत म्हातारा. तो ख्रिस्ती असायलाच हवा असं नाही. तिसरी पायरी, मंडळीला सांगण्याची, दोघेही एकाच मंडळीचे असतील तेव्हाचीच आहे. घरच्या भांडणात मंडळी उभी करणं म्हणजे एका भांडणाची दोन भांडणं करणं.

इतकं सांगितल्यावर उलट्या बाजूने बघायला हवं, कारण त्याच मत्तयच्या ५व्या अध्यायात वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला येशू विचारतो ते निराळं आहे. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे का? असेल तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पहिल्या पिढीच्या विश्वासी माणसाला हा प्रश्न टोचतो. आपण ज्याला छळ म्हणतो त्यातला काही भाग घरच्यांच्या जखमेतून आलेला असू शकतो. यावर मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतकं खरं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा विश्वास खरा होता, पुढचं सगळं आयुष्य त्याची साक्ष आहे. पण ज्या बाईशी त्यांनी तिच्या लहानपणी लग्न केलं होतं, जी त्यांच्या लहरी आणि संताप सोसत वर्षानुवर्षं त्यांच्यामागे फिरली होती, तिला विश्वासात न घेता त्यांनी हे पाऊल टाकलं. सोवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण घरातल्या लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आकाश कोसळलं. पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत असून दुरावलेला, भोवती रडणारे आणि सल्ले देणारे नातेवाईक. जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. या गोष्टीत घाव घालणारा ख्रिस्ती होता आणि घाव सोसणारी हिंदू, हे आपण ख्रिस्ती वाचक पटकन विसरतो, कारण आपल्याला शेवट माहीत असतो.

ती घडी पुन्हा बसली कशी, ते सल्ल्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. टिळकांनी संबंध तोडला नाही, पत्रव्यवहार आणि भेटीची वाट उघडी ठेवली. लक्ष्मीबाई परत आल्या त्या स्वतःच्या अटींवर. आपलं सोवळं-ओवळं आणि वेगळं जेवण सांभाळत त्यांनी ख्रिस्ती नवऱ्याबरोबर संसार मांडला. धर्मप्रसारासाठी आयुष्य वाहिलेल्या टिळकांनी स्वतःच्या घरात ते चालू दिलं. जातिभेद माणसाने केलेला आहे हे लक्ष्मीबाईंना पुढे आपल्या आपण उमगलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं होतं. त्यातले बहुतेक अध्याय नंतर लक्ष्मीबाईंनी रचले. नवऱ्याच्या ज्या श्रद्धेने एकेकाळी घर मोडलं, तिच्यावरचं काव्य त्यांनी हाती घेतलं. आणि १९३४ पासून भागाभागाने आलेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी नवऱ्याचा एकही दोष झाकला नाही. विसराळूपणा, तापटपणा, घरात पै नसताना केलेला दानधर्म, सगळं आहे, आणि ते वाचताना हसू येतं. क्षमा झालेल्या माणसाबद्दल असं लिहिता येतं. ज्याला क्षमा झालेली नाही त्याच्याबद्दल एकतर गप्प बसावं लागतं किंवा दात-ओठ खावे लागतात.

यातून खारबावच्या एखाद्या घराने काय घ्यावं? तुम्ही बाप्तिस्मा घेतला असेल आणि आई तुमच्या हातचं पाणी पीत नसेल, तर ती तुमचा द्वेष करते असं लगेच धरू नका. तिला वाटतं की पोरगा गेला. तिला विचारा, “आये, तुला माझं काय लागलं?” आणि ती बोलेल ते मध्ये वचन न टाकता ऐका. देव्हाऱ्याबद्दल, सणांबद्दल, तिच्या देवांबद्दल तुम्ही नव्या उत्साहात काही कडवट बोलला असाल तर त्याची माफी मागा. श्रद्धेची माफी मागायची गरज नाही, जिभेची मागावी. दोन्हींतला फरक म्हाताऱ्या माणसांना बरोबर कळतो.

अर्थात सगळंच गैरसमजाचं नसतं. काही ठिकाणी भावकी बोलणं तोडते, पाणी-किराणा बंद करते, लग्नकार्याला कोणी जायचं नाही असा ठराव करते. ही नाराजी राहत नाही, हा बहिष्कार होतो. महाराष्ट्रात याविरुद्ध सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा आहे, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. या कायद्याचा आधार घेण्यात अविश्वास नाही; पौलाने फटके बसायच्या वेळी आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं. मात्र फिर्याद देण्याआधी वर सांगितलेली बोलणी खरोखर झाली आहेत का, हे स्वतःला विचारा. घरातलाच माणूस आरोपी झाला की मागे फिरायची वाट फार अरुंद होते.

मारहाणीच्या बाबतीत मात्र ही पायरी-पायरीची रीत लावू नका. नवरा मारत असेल, सासरी पैशांसाठी छळ होत असेल, घरातलाच कुणी मुलाच्या अंगाला हात लावत असेल, तर आधी सुरक्षित जागी निघून जा. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक घरातल्या मोठ्या मुलीलाही पाठ असू द्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा बायकोपुरताच नाही. आई, बहीण, सून यांनाही त्याखाली दाद मागता येते. ‘दुसरा गाल पुढे कर’ म्हणत बाईला परत पाठवणारा पाळक अर्धंच शास्त्र वाचतो. महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूने त्याला विचारलं होतं की मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, नसेन तर मारतोस का? योहानाच्या १८व्या अध्यायात आहे ते. आणि नासरेथच्या स्वतःच्या गावकऱ्यांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. निघून जाणं हेही ख्रिस्ताचं अनुकरण असू शकतं.

क्षमा केली तर पहिल्यासारखं वागायलाच हवं का, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. योसेफाची गोष्ट इथे नीट वाचावी. आपण ती रविवारच्या शाळेत अर्धीच ऐकलेली असते. भावांनी त्याला वीस रुप्यांना विकलं. पुढे दुष्काळात ते धान्यासाठी मिसर देशात आले तेव्हा त्याने त्यांना ओळखलं, पण गळ्यात पडला नाही. कठोरपणे बोलला, शिमोनाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामीनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत प्याला ठेवून पेच टाकला. मधूनमधून आत जाऊन रडत होता. ज्या यहूदाने त्याला विकायची कल्पना काढली होती, तोच यहूदा ‘धाकट्याच्या बदल्यात मला गुलाम ठेवा’ म्हणून पुढे आला, तेव्हा कुठे योसेफ मी तुमचा भाऊ म्हणून उघड झाला. सूड त्याने कधीच टाकून दिला होता. विश्वास टाकायला मात्र त्याने वेळ घेतला. तुमचे पैसे बुडवलेल्या मेहुण्याला क्षमा करा आणि पुन्हा उसने देऊ नका. दारूत बहकणाऱ्या दिराशी बोला, त्याच्या मुलांच्या फीला मदत करा, आणि तुमच्या मुलीला त्याच्या गाडीवर पाठवू नका. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात पौलही सगळ्यांशी शांतीने राहायला सांगताना ‘साधेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशा मर्यादा घालतो. तुमच्या वाट्याचं केल्यावर उरलेल्याचं ओझं तुमच्या पाठीवर नाही.

मंडळीतल्या माणसांनी दुखावलं तर थोडक्यात एवढंच: मंडळी बदलायची असेल तर बदला, पण बोलून जा. पौल आणि बर्णबा यांचं मार्कावरून इतकं बिनसलं की दोघं दोन दिशांना गेले. पौलाने पुढे त्याच मार्काला आपल्या उपयोगाचा म्हणून बोलावून घेतलं. वेगळं होणं नेहमी शत्रुत्व नसतं.

आणि रोजच्या प्रार्थनेत काय म्हणायचं? राग असेल तितके दिवस त्या माणसाचं नाव घेऊन एकच मागणं मागा, त्याच्या गरजेचं. त्याचं दुखणं, त्याच्या पोराची नोकरी, त्याच्या घराचं गळणारं छप्पर. ‘त्याला सुबुद्धी दे’ हे मागणं पहिले काही आठवडे टाळा. त्यात आपणच न्यायाधीश होऊन बसतो.

सर्वांत अवघड वेळ येते ती मयताला. ज्या काकाने वाट्यावरून तोंड बघणं सोडलं होतं तो जातो आणि प्रश्न पडतो: जायचं का? जा. निरोप येण्याची वाट बघू नका. खांदा द्या, लाकडं आणा, मंडप बांधायला हात लावा, आलेल्यांना चहा-पाणी बघा. दहाव्याच्या, तेराव्याच्या विधीत तुमची श्रद्धा तुम्हाला जिथे थांबवते तिथली गोष्ट त्याच सकाळी सगळ्यांसमोर काढू नका. आदल्या रात्री घरातल्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन सांगा: “दादा, मी सगळ्या कामाला आहे. पिंडाच्या वेळी मी मागे उभा राहीन, राग मानू नका. खर्चातला माझा हिस्सा हा घ्या.” पैसे आधी हातात ठेवा. चुलतभाऊ बोलला नाही तरी त्या दिवशी आपणही काही काढू नये. काकूंकडे मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि घरात तांदूळ निवडायला कुणीतरी लागतं.